ऋतू विसरलेले ताट

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. नवी मुंबईतील आमच्या गृहनिर्माण संस्थेची सभा होती. विषयपत्रिकेवर दोन विषय लागोपाठ आले होते. पहिला असा की, प्रवेशद्वाराशी पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवालीमुळे चिखल होतो, संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा येते. सबब तिला तेथून उठवावे. दुसरा असा की, घरपोच खाद्यपदार्थ आणणाऱ्या मुलांच्या मोटरसायकली पावसात भिजतात. सबब त्याच प्रवेशद्वाराशी त्यांच्यासाठी पत्र्याची शेड उभारावी. दोन्ही ठराव दहा मिनिटांत संमत झाले. पहिल्या ठरावाच्या विरोधात हात वर करणारे आम्ही अवघे तिघे होतो. सभा संपल्यावर अल्पोपाहार झाला. तोही अर्थातच बाहेरून मागवलेला होता.

दुसऱ्या ठरावाबद्दल माझी तक्रार नाही. पावसात भिजणारी ती मुले कुणाच्या तरी घरचीच आहेत. त्यांच्या डोक्यावर छप्पर हवेच. प्रश्न असा की, एकाच दारातून अन्न आत आणणाऱ्या दोघांपैकी एकाला आपण छप्पर दिले आणि दुसरीला उठवले, ते कशामुळे? हा केवळ एका सोसायटीचा प्रश्न असता, तर त्यासाठी या पानांवरची जागा अडवली नसती. परंतु ऐरोलीपासून पनवेलपर्यंत, आणि तेथून ठाणे, पुणे, नाशिकपर्यंत, शहरी मराठी मध्यमवर्ग आज हाच ठराव रोज आपल्या स्वयंपाकघरात संमत करीत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

तिच्या पाटीत काय होते?

ती ठाकर समाजाची. पनवेलच्या पलीकडच्या एका वाडीतून पहाटे निघायची, उजाडता उजाडता आमच्या फाटकाशी येऊन बसायची. तिच्या पाटीत कोबी, फ्लॉवर कधीच नसे. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर शेवळे येत आणि त्यांच्यासोबत न मागता काकडाची आंबट फळे, कारण काकड अथवा चिंच घातल्यावाचून शेवळे घशाला खाजतात, हे तिला ठाऊक होते आणि आम्हाला नव्हते. मग कोवळा टाकळा यायचा. त्यामागून कुर्डू, फोडशी, भारंगी. श्रावणाच्या तोंडावर काटेरी हिरवी कंटोळी. यांपैकी एकही भाजी कुणी पेरलेली नसते. तिला खत नाही, फवारणी नाही. डोंगर देतो, वनवासी भगिनी ती ओळखून खुडून आणते, आणि पैसे पडतात ते केवळ त्या ओळखीचे व पायपिटीचे.

या भाज्या करायलाही काही मोठे शास्त्र लागत नाही. टाकळ्याची पाने धुऊन चिरायची, तेलावर लसूण आणि मिरची परतायची, भिजवलेली मूगडाळ घालायची, वाफ आणायची, वरून ओले खोबरे. फोडशीच्या पातीत कांदा आणि हरभऱ्याची डाळ. भारंगी थोडी कडवट, म्हणून ती उकळून, पिळून घ्यायची. सोबत तांदळाची भाकरी. भाजी निवडण्यापासून पान वाढण्यापर्यंत पाऊण तास. घरपोच येणारे जेवण मागवून, त्याची वाट पाहून, दार उघडून, डबे सोडवून पुढ्यात घ्यायला बहुधा एवढाच वेळ लागतो!

एकदा ऑगस्टच्या अखेरीस मी तिच्याकडे टाकळा मागितला. ती हसली. म्हणाली, "दादा, टाकळा संपला. आता जून झाला, कडू लागंल. पुढल्या वर्साला." माझ्या मनात हा शब्द रुतून बसला. संपला! मोबाईलच्या पडद्यावर दिसणाऱ्या त्या लांबलचक यादीत कुठलाही पदार्थ ऋतूमुळे संपत नाही. तेथे जानेवारीत आमरस आहे, जूनमध्ये उंधियू आहे, मध्यरात्री बिर्याणी आहे. तेथे सर्व काही सर्वकाळ आहे. आणि जे सर्वकाळ असते, त्याची वाट कुणी पाहत नाही. ज्याची वाट पाहावी लागत नाही, त्याच्याविषयी कृतज्ञता तरी कशी वाटावी?

प्रवासात खाणे हा गुन्हा नव्हे

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. बाहेर खाणे म्हणजे पाप, असे सांगणारा हा लेख नाही. प्रस्तुत लेखकाने तीस वर्षे पत्रकारितेच्या निमित्ताने महाराष्ट्र पालथा घातला आहे. एसटी स्टँडवरची मिसळ, कर्जत स्थानकातला वडा, माटुंग्याच्या रामा नायक यांच्या १९४२ पासून चालत आलेल्या उडुपी खानावळीतले केळीच्या पानावरचे जेवण, १९३० साली सुरू झालेल्या डेक्कन क्वीनच्या भोजनडब्यातले कटलेट, यांवर माझा पिंड पोसला आहे. घर सोडलेल्या माणसाला परमुलखात कुणी अन्न शिजवून वाढावे, ही संस्कृतीच आहे.

परंतु ही सोय प्रवाशासाठी होती. आणि प्रवासीदेखील घरून निघताना शिदोरी बांधूनच निघत असे. दशमी पाण्याऐवजी दुधात का मळायची? कारण ती दोन-तीन दिवस टिकते. धपाटे, दाण्याची चटणी, गूळ, मेतकूट, तहानलाडू-भूकलाडू हे सारे प्रवासाचे पाकशास्त्र आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या बायकांनी सिद्ध केलेले आहे. आषाढी वारीचेच पाहा. आळंदी ते पंढरपूर हा दोनशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास लाखो माणसे पायी करतात. त्यांच्यासाठी वाटेवर कुणी फूड मॉल बांधलेला नाही. प्रत्येक दिंडीची भिशी असते, दिंडीचे सामान दिंडीच्याच ट्रकमधून पुढे जाते, मुक्कामावर चूल पेटते, आणि वाटेवरचे गाव पिठले-भाकरी घेऊन सामोरे येते. शतकानुशतके चालत आलेला हा जगातील एक मोठा सामूहिक प्रवास घरच्यासारख्या साध्या अन्नावर चालतो. याची जाण आपल्या व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांना कुणी करून देत नाही.

मुंबईचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी डबे पोहोचवण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यामागची कल्पना काय होती? माणूस कामासाठी घरापासून दूर गेला, तरी त्याचे जेवण घरचेच असावे. मावळातून आलेल्या माळकरी तरुणांनी ही कल्पना सव्वाशे वर्षे पायांवर आणि डोक्यावर वाहिली. २०२० च्या टाळेबंदीने या व्यवसायाची कंबर मोडली, आणि त्यानंतर तो पूर्ववत उभा राहू शकलेला नाही. कारण कार्यालये पुन्हा उघडली, पण दरम्यान अनेक घरांतल्या चुली मंदावल्या. पूर्वी डबा घरातून कार्यालयात जात असे. आता डबा हॉटेलातून घरात येतो. दिशा उलटली. हाच या लेखाचा मुद्दा आहे.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. नवी मुंबईतल्या कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचे हे सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचे अंतर. दीड-दोन तासांचा रस्ता. इतक्या अंतरात सुदृढ माणसाला जेवणाची गरज भासत नाही. तरीही खालापूरजवळच्या फूड मॉलवर थांबलो नाही, तर प्रवास झाल्यासारखेच वाटत नाही, अशी आपली अवस्था झाली आहे. भूक लागली म्हणून थांबणे वेगळे आणि थांबलो म्हणून खाणे वेगळे. प्रवासातली ही सवय आपण प्रवासातच ठेवली असती, तरी एक वेळ चालले असते. पण आपण ती गाडीच्या डिकीत घालून घरी आणली. आता शनिवार-रविवारी आपले घर हाच एक थांबा झाला आहे. आमच्या पहारेकऱ्याच्या नोंदवहीची अडीच पाने रविवारच्या एका संध्याकाळी भरतात. शेजारच्या सदनिकेतील माणसे स्वतःच्याच घरात प्रवाशासारखी राहतात.

पंचांग आणि पाककृती

आपल्या पूर्वजांनी ऋतूंची सांगड ताटाशी घातली ती केवळ हौस म्हणून नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील तिसरा अध्याय याच विषयाला वाहिलेले आहेत. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद होतो, म्हणून हलके, ताजे, उष्ण अन्न घ्यावे, जुने धान्य वापरावे, पाणी उकळून प्यावे, असे तेथे सांगितले आहे. ज्या काळात पाऊस विहिरी गढूळ करीत असे, त्या काळातला हा सल्ला किती व्यवहारी होता, हे वेगळे सांगायला नको.

परंतु ग्रंथ किती जण वाचणार? म्हणून समाजाने हे शास्त्र सणांत ओवून टाकले. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. पोटभर कांदाभजी खायची आणि चातुर्मासापुरता कांदा, लसूण, वांगे यांना निरोप द्यायचा. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा अर्पण करायचा आणि वांगे पुन्हा पानात घ्यायचे. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य. परसात आपल्या हाताने लावलेल्या अळू, माठ, भोपळा, दोडक्याची एकत्र भाजी, तिखट-मसाल्याच्या थाटावाचून. वर्षातून एक दिवस तरी माणसाने दुसऱ्या जीवाच्या कष्टाविना जेवून पाहावे, यापरता समतेचा धडा कोणता? पौषात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वाल, हरभरा, गाजर, वांगे, बोरे यांची मिसळीची भाजी. थंडीत त्या दिवसांत शेतात जे आहे ते सारे एका कढईत. चैत्रात कडुनिंबाची पालवी. ज्याला कॅलेंडर वाचता येत नव्हते, त्यालाही काय केव्हा खावे हे ठाऊक होते. आज आपल्याला सर्व वाचता येते आणि हे मात्र विसरले आहे.

नवी मुंबईच्या मातीलाही तिचे स्वतःचे पंचांग आहे. माघाच्या थंडीत रायगड जिल्ह्यातल्या शेतांवर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला. मडके उपडे घालून भोवती जाळ. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगेतल्या रसावर शेंग शिजते. आगरी आणि कोळी बांधवांची तांदळाची पातळ भाकरी, हाताच्या तळव्यावर थापून पाण्याच्या हाताने सावरलेली, ही तर एक कलाच आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि या परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे भूमिपुत्रांच्या वाट्याला साडेबारा टक्क्यांचे धोरण आले. ज्या खाचरांत भात पिकत होते तेथे आपण सदनिका घेतल्या. आता त्याच डोंगराकडून येणारी एक पाटीसुद्धा आपल्याला फाटकाशी नकोशी झाली आहे.

आधी आपल्या पंगतीकडे पाहू

दोष केवळ नव्या पिढीला देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती बाजूला ठेवून थोडे आत्मपरीक्षण करू. संस्कृतीचा उच्चार आपण सर्वाधिक करतो. मग आपल्या उपवासाच्या पानात काय असते? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, तसेच बटाटा, भुईमूग आणि मिरची, ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांची जहाजे येण्यापूर्वी आपल्या ऋषींनी यांचे तोंडही पाहिले नव्हते! जे आले ते आपण आपलेसे केले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पचवण्याची ही शक्ती हेच या समाजाचे सामर्थ्य आहे. १९६६ च्या सुमारास दादरला बटाटावडा पावात बसला आणि तो अस्सल मराठी ठरला. ते योग्यच झाले. सांगायचे ते इतकेच की, स्वदेशीची कसोटी पदार्थाच्या जन्मस्थानावर लावता येणार नाही. ते अन्न कोणत्या ऋतूत, कुणाच्या हाताने, कशासाठी शिजले, ही खरी कसोटी.

आणि त्या कसोटीवर आपण किती उतरतो? एकादशीला तळलेले साबुदाणावडे मागवणारे आपण. श्रावणातल्या सत्यनारायणाच्या महाप्रसादात पनीरची भाजी ठेवणारे आपण. गणेशोत्सवात उकडीचे मोदक शेकड्याने विकत आणून, ते वळणाऱ्या हातांचा पत्ता नसताना नैवेद्य दाखवणारे आपण. ज्ञाती संमेलने, व्याख्यानमाला, हिंदू संस्कृतीवरची परिसंवाद-सत्रे, यांतले भोजन कसे असते, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. व्यासपीठावर ऋतुचर्या आणि मंडपाच्या मागे मंचुरियन! गीतेच्या सतराव्या अध्यायात, शिजून प्रहर उलटलेले, नीरस झालेले अन्न तामस म्हटले आहे. गोठवून ठेवलेली ग्रेव्ही गरम करून दारात आणून देणाऱ्या व्यवस्थेसाठी याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. तो अध्याय आपल्यातल्या अनेकांना पाठ आहे.

शरीर हिशेब चुकवीत नाही

श्रद्धेचा भाग क्षणभर दूर ठेवा. आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिरिक्त वजनाचे आढळले. चौथ्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ आणि १९ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत आणि आणखी साडेतेरा कोटी माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. याच परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे असल्याचा अंदाज दिला आहे. तळणीचे तेल कुठवर वापरावे याला मर्यादा घालणारा नियम सरकारला २०१८ साली करावा लागला, आणि तेला-तुपातील ट्रान्स फॅटचे प्रमाण २ टक्क्यांवर आणायला २०२२ साल उजाडले. घरच्या कढईसाठी असा नियम कुणाला करावा लागला नव्हता. तेथे आई होती.

मी स्वतः त्या दहा कोटींतला एक आहे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल समोर ठेवला आणि विचारले, "घरी किती वेळा जेवता?" मला उत्तर देता आले नाही. घर होते, पत्नी होती, स्वयंपाकघर होते. पण तिच्या नोकरीच्या आणि माझ्या दौऱ्यांच्या वेळा जुळत नव्हत्या, आणि दोघांच्याही मोबाईलमध्ये सोय होती. त्या दिवशी मला आठवले की, आई हयात असताना मी तिला एकदाही विचारले नाही की, तुझी मुगाची खिचडी इतकी मऊ कशी होते? आता विचारायला कुणी नव्हते. बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुकर लावायला शिकलो. पहिली खिचडी तळाला लागली. पत्नीने ती निमूटपणे खाल्ली. इतक्या वर्षांत मी तिच्या किती पदार्थांना नावे ठेवली होती, ते मला त्या दिवशी मोजावेसे वाटले.

"म्हणजे बायकांनी पुन्हा चुलीशी जावे?"

या विषयावर लिहिले की हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. आपल्या परंपरेचा गौरव करताना तिचा भार कुणाच्या मनगटांवर पडला, हे न बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमच्या आयांनी पहाटे पाचला उठून रात्री अकराला ओटा पुसला, स्वतः शेवटी जेवल्या, उरलेले जेवल्या. त्यांच्या सुना-लेकी आज पनवेलहून मुंबईला जायला-यायला रोज अडीच-तीन तास लोकलमध्ये उभ्या राहतात. त्यांना कुणी 'घरचे अन्न' या नावाखाली पुन्हा त्याच ओट्याशी जुंपू पाहील, तर त्यांनी सरळ नकार द्यावा. प्रस्तुत लेखक त्यांच्या बाजूने उभा राहील.

परंतु या अन्यायावर बाजाराने काढलेला तोडगा कोणता? तो म्हणतो, बाई दमली आहे ना, मग चूलच बंद करा आणि पैसे मला द्या. दमलेल्या बाईशेजारी सोफ्यावर बसलेल्या धडधाकट पुरुषाला तो उठायला सांगत नाही. कारण तो उठला, तर धंदा बुडेल! आपण मात्र त्याला उठायला सांगितले पाहिजे. देवळातला स्वयंपाक पुरुष करतात, पंगतीचा आचारी पुरुष असतो, दिंडीत पुरुष भाकरी थापतात. मग घरच्या ओट्याशीच पुरुषार्थाला कमीपणा कोठून येतो? कुटुंबव्यवस्था वाचवण्यावर व्याख्याने देणाऱ्या प्रत्येक पुरुषाने आठवड्यातून तीन दिवस स्वयंपाक करावा. कुटुंबव्यवस्था त्या व्याख्यानांपेक्षा अधिक लवकर वाचेल.

शिजवणाऱ्या स्त्रीला मान आणि मोबदला देण्याचा मार्गही महाराष्ट्राने दाखवलेला आहे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या, सावकाराच्या व्याजात पिचलेल्या या बायकांना बँकेचे कर्ज मिळाले, पत मिळाली. पुढे या मंडळाचे काम वाशीतही उभे राहिले. प्रेमाताई डाव्या चळवळीतल्या. आपले-त्यांचे अनेक मुद्द्यांवर मतभेद. परंतु संस्थेला अन्नपूर्णेचे नाव देऊन शिजवणाऱ्या हाताला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या बाईपुढे मतभेद विसरून नतमस्तक व्हावे. ज्या घरी खरोखरच कुणाला वेळ नाही, त्याने अशा बचतगटाची पोळी-भाजी घ्यावी. तेथे पैसा शिजवणाऱ्या हातात जातो, आणि भाजीही ऋतूचीच असते.

घरपोच सेवेत हजारो तरुणांना काम मिळते, हाही एक आक्षेप. तो खराच आहे, आणि त्या मुलांविरुद्ध माझी एक ओळ नाही. त्यांच्यासाठी शेड झाली याचा आनंदच आहे. पण रोजगाराची काळजी खरी असेल, तर ती पाटीवालीलाही लागू व्हायला हवी. तिचाही तो रोजगारच आहे. २०१४ चा पथविक्रेता अधिनियम तिच्यासारख्यांसाठीच आहे. शहर फेरीवाला समिती असावी, विक्रेत्यांचे सर्वेक्षण व्हावे, आणि ते पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवू नये, असे हा कायदा सांगतो. एखाद्या सोसायटीच्या ठरावाने तो रद्द होत नाही. हे मी सभेत सांगितले. एका सदस्याने विचारले, "मग चिखलाचे काय?" मी म्हटले, "दोन फरशा टाकू." हशा झाला. ठराव संमत झाला.

काय करता येईल?

केवळ खंत व्यक्त करून लेख संपवण्याची सवय आपल्याला आहे. तिलाही रजा देऊ. प्रत्येक घराने चारच गोष्टी ठरवाव्यात. एक, रोजच्या जेवणात निदान एक भाजी अशी असावी की जी त्याच महिन्यात मिळते. तुर्भ्याचा घाऊक भाजी व फळ बाजार १९९६ पासून आपल्या उशाशी आहे. काय ऋतूचे आणि काय शीतगृहातले, हे तेथे एक फेरी मारली तरी भावावरून कळते. दोन, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई पुन्हा घरात आणावी. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. जगाला नाचणीचे महत्त्व सांगून आपण स्वतः मैद्याचा रोल खात बसलो, तर जग हसेल. तीन, पुढच्या प्रवासाला निघताना शिदोरी बांधावी. आणि वाटेत थांबायचेच झाले, तर त्या गावचे, त्या गावच्या माणसाने शिजवलेले खावे. कोल्हापुरात जाऊन पिझ्झा शोधू नये. चार, मुलगा असो वा मुलगी, दहावीपूर्वी त्याला भात, वरण, एक भाकरी आणि पाच ऋतूंतल्या पाच भाज्या करता आल्याच पाहिजेत. गणितात नापास झालेल्याला पुन्हा बसता येते. आई-आजीच्या हातचे शिकायचे राहिले, तर पुन्हा बसता येत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या पित्याला ब्रह्म म्हणजे काय हे विचारतो आणि तप करून पहिले उत्तर घेऊन येतो, ते अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा पायऱ्या चढतो. पण पहिली पायरी अन्नाचीच आहे. ती वगळून वरच्या पायऱ्यांवर उडी मारता येत नाही. आपण मात्र राष्ट्राच्या, संस्कृतीच्या, विश्वगुरुत्वाच्या पायऱ्यांची भाषा बोलतो, आणि पहिली पायरी मोबाईलवर मागवतो.

ती ठाकर बाई आता रस्त्याच्या पलीकडे, गटाराच्या कट्ट्यावर बसते. तेथे आडोसा नाही. या वर्षी मृगाच्या सरी आल्या, तेव्हा मी पिशवी घेऊन गेलो. शेवळे होती. काकडाची फळे तिने न मागता घातली. शेजारी आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. दोघेही आमच्याच इमारतीतले, दोघांनीही सभेत ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. एकाने खालच्या आवाजात मला विचारले, "हे करतात कसे हो?" मी त्याला चिंच-काकडाचे गणित सांगितले. पुढच्या सभेत फरशांचा विषय मी पुन्हा मांडणार आहे. या वेळी हात तीनच राहणार नाहीत, असे मला वाटते.